मारबतीबरोबर गेलेलं मडकं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावात आरोळ्या सुरू झाल्या. "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! ढेकूण-मोंगसा घेऊन जा गे मारबत!" आदल्या दिवशी दारात ठेवलेल्या पळसाच्या फांद्या उचलायच्या, घरात नको असेल ते सोबत घ्यायचं आणि सगळं शिवेबाहेर टाकून यायचं, ही आमच्याकडची मारबतीची रीत. मी पुस्तक घेऊन बसलो होतो. आरोळ्या लांब गेल्यावर गुरांच्या कोठ्यात गेलो, तर कोपऱ्यातलं मडकं नव्हतं.

त्या मडक्यात माझी बुरशी होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी जंगलातली माती आणून ओल्या कोंड्यावर बुरशी वाढवत होतो. मातीतल्या काही बुरश्या लाकूड-पाला कुजवणारा पाचक रस सोडतात, असं वाचलं होतं. तसा रस तणसावर, म्हणजे धानाच्या वाळल्या पेंढ्यावर, पडला तर तणस मऊ होईल, दात झिजलेली जनावरं ते खातील, असा माझा हिशेब. किती प्रकारची माती आणली, पण बहुतेक मातीला नुसता घाण वास सुटला. भामरागडकडच्या एका कुजक्या बांबूखालच्या मातीतून मात्र हिरवट-पांढरी बुरशी आली आणि तिनं खरंच तणस मऊ केलं. जोडीच्या मडक्यात पावसाच्या ओलीनं काळी बुरशी शिरली, म्हणून ते फेकलं. उरलं हे एक. नागपूरचे गुरांचे डॉक्टर दुसऱ्याच दिवशी ते पाहायला येणार होते. नवी माती आणावी, तर पुरामुळे भामरागडची वाट दिवाळीपर्यंत बंद.

"सुगंधा, मडकं कुठी आहे?"

"गेलं मारबतीसंगं," बायको चुलीपासून म्हणाली. "तुमीच म्हणले ना, हात लावू नको, त्याच्यात जीव आहे? वरतून लाल फडकं बांधलेलं. असं मडकं कोणी घरात ठेवते का? मी तं काठीत अडकवून नेलं."

फडकं पोथीचं होतं. पोथीला कोणी हात लावत नाही, म्हणून मी ते बांधलं होतं. लाल फडकं बांधलेलं बंद मडकं म्हणजे कोणीतरी टाकलेला उतारा, हे मला कसं सुचलं नाही कोण जाणे. इतकी वर्षं याच गावात राहतो.

मी शिवेकडे धावलो. फांद्यांच्या ढिगाशेजारी मडकं फुटून पडलं होतं आणि मुखरूचा म्हातारा बैल पाखऱ्या त्यातला कोंडा चाटूनपुसून खात होता. मागून मुखरू ओरडत आला.

"हऽट! हट पाखऱ्या! मास्तर, याच्यात जीव आहे म्हणते ना? माह्या बैलाच्या पोटात गेला आता!"

"तसा जीव नाही, मुखरूभाऊ. जंगलात पाला पडते, तो कोण कुजवते, सांगा बरं? मातीत एक बारीक..."

"शाळा नका भरवू. बैल मरते का नाई, तेवढं सांगा."

"नाही मरत."

"छातीवर हात ठेवून सांगा."

माझा हात वर गेलाच नाही. आमच्या गाईनं चिमूटभर खाल्लं होतं, मडकंभर कोणत्याच जनावरानं खाल्लं नव्हतं. काही बुरश्या विषारी असतात, हेही त्याच पुस्तकांत होतं.

"बहुतेक नाही," मी म्हणालो.

"बहुतेक!" मुखरू थुंकला. "आयका रे, बहुतेक नाई म्हणते!" आणि बैलाला ताक पाजायला ओढत घेऊन गेला.

एका खापरीला बोटभर बुरशी चिकटून राहिली होती. तेवढी पुरली असती. धोतराच्या सोग्यात ती झाकून मी परत निघालो, तर शिवेवर सुगंधा उभी. तिच्यामागे बाया.

"ते गावात नाई येत आता."

"उद्या डॉक्टरला काय दाखवू मी?"

"बाहेर टाकलेली पीडा वापस आणता? पोळ्यात? सारं गाव पाहून राह्यलं तुमच्याकडं. काऊन लाज आणता?"

सारं गाव खरंच पाहत होतं. दुसरा कोणी असता तर सरळ आत गेला असता. मी खापरी शिवेबाहेरच्या मोहाच्या झाडाच्या बुंध्याशी ठेवली, वर पानं झाकली आणि मान खाली घालून घरी आलो. दुपारी पावसाची जोराची सर आली. तेव्हाही मी दारातच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मोटारीच्या फाट्यापासून मागून घेतलेली सायकल ढकलत, चिखलानं भरून आले. मी त्यांना मोहाखाली नेलं. खापरी धुऊन लख्ख झाली होती. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

"पुढच्या खेपेला बघू, मास्तर," ते म्हणाले. चहासुद्धा न घेता गेले.

मी तिथेच बसून होतो. संध्याकाळी मुखरू आला. पाखऱ्या त्याला ओढत आणत होता. फुटक्या मडक्याच्या जागी जाऊन बैल माती हुंगू लागला.

"कालपासून असाच करते," मुखरू म्हणाला. आवाज मऊ होता. "काही झालं नाई त्याले. दावं तोडून इथीच येते. लय दिवसानं असा खायाले पाहून राह्यला." जरा थांबून त्यानं विचारलं, "मास्तर, आहे का अजून थोडंसं?"

"नाही," मी म्हणालो. या वेळी बहुतेक म्हणावं लागलं नाही.