आबांच्या नावाने गेलेला मेल

आमच्या घरात माफी थोरल्याच्या नावाने मागतात. माल खराब निघो, दिलेला शब्द फिरवावा लागो, पत्र जायचं ते माझ्या सासऱ्यांच्या, चंद्रहास आबांच्या नावाने. लहानांनी परस्पर माफी मागितली तर थोरल्याचा मान गेला. लग्न होऊन आले तेव्हा मला या रीतीचं भारी कौतुक वाटलं होतं. त्या गुरुवारी ते कौतुक उतरलं.

आमची केळीची वाडी वसईच्या किनाऱ्याकडे. केळी उन्हात सुकवून सुकेळी करायची, आणि गोखिवऱ्याच्या आमच्या छोट्या कारखान्यात तिच्या वड्या कापून डब्यांत भरायच्या. गुरुवारी अकराच्या सुमारास डबे भरणाऱ्या भागूबाई सहज बोलून गेल्या, की रविवारी परेशभाऊंनी त्याच मशीनवर शेंगदाण्याची चिक्की कापून घेतली आणि मशीन नुसतं फडक्याने पुसलं. परेश माझा नवरा. मित्राची ऑर्डर होती, तुला सांगायचं राहिलं, एवढंच तो म्हणाला.

भांडायला वेळ नव्हता. सोमवारी भरलेल्या चौसष्ट डब्यांतला एक नागपूरला सुमन वानखेडे यांच्याकडे गेला होता. त्यांनी ऑर्डर देण्याआधी मेलवर विचारलं होतं, की माझ्या मुलीला, पूर्वीला, शेंगदाणा कणभरही चालत नाही, श्वास अडकतो, तुमच्याकडे शेंगदाणा येतो का? ऑफिसात मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तेव्हा मेलवरच कळवा. मी छातीठोकपणे लिहिलं होतं, 'आमच्याकडे शेंगदाणा येतच नाही. निश्चिंत राहा.' आणि कुरिअरच्या नोंदीप्रमाणे तो डबा सकाळी दहा वीसला त्यांच्या घरी पोचलाही होता.

साडेअकराला परेशने सगळ्यांना एकगठ्ठा मेल पाठवला, की डबा उघडू नका, उघडला असेल तर खाऊ नका. स्क्रीनवर प्रत्येक पत्त्यापुढे हिरवी खूण आली, सगळे पोचले. परेशने चहा मागवला. मला मात्र चैन पडेना. पार्सल अर्धा दिवस लांबलं तरी चार ओळी सुनावणारी आमची गिऱ्हाइकं, आणि तास उलटून गेला तरी एकाचंही उत्तर नाही. सुमनबाईंचा मोबाईल नुसता वाजत होता.

आबा यादी घेऊन एकेकाला फोन करत होते. पुण्याच्या एक बाई त्यांना म्हणाल्या, कसला मेल? त्यानंतरच्या दोघांनीही तेच विचारलं.

मेलच्या यादीत माझाही एक खाजगी पत्ता मी ठेवलेला आहे. मी तो उघडला. मेल पोचला होता, पण स्पॅममध्ये. वर पिवळी पट्टी होती, की हा मेल याच माणसाने पाठवला असल्याची खात्री देता येत नाही. बारा पन्नास झाले होते.

मी मेलचा आतला तपशील उघडला. सर्व्हरची परवानगी पास, सही पास, आणि शेवटची तपासणी नापास. परेश म्हणाला दोन पास आहेत की. मी पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला आणि कपाळावर हात मारला. आमच्या मेलची दोन डोमेन आहेत, एक वाडीचं, एक कारखान्याचं. एकगठ्ठा मेल नेहमी कारखान्याच्या नावाने जातात, म्हणून परवानगी आणि सही दोन्ही कारखान्याच्या आहेत. आज माफीचा मेल, म्हणून परेशने पाठवणारा म्हणून आबांचा वाडीचा पत्ता घातला होता. पत्रावर नाव एका घराचं आणि शिक्का दुसऱ्या घराचा, आणि शेवटची तपासणी नेमकं तेच बघते. दोन्ही घरं आमचीच, पण ते परक्याला कसं कळणार? वरून गेल्या वर्षी कुणीतरी आबांच्या नावाने खोटे मेल पाठवले, तेव्हा मीच नियम लावून ठेवला होता, की वाडीच्या नावाचं जे पत्र वाडीच्या शिक्क्याशिवाय येईल ते सरळ स्पॅममध्ये टाका. जगाने माझं तंतोतंत ऐकलं होतं.

नियम काढला तरी ते सगळीकडे कळायला वेळ लागणार होता. उपाय एकच, कारखान्याच्या नावाने पुन्हा पाठवायचं. परेश घुटमळला. "आबांचं नाव काढून माफी मागायची?"

मी जे बोलणार होते ते बोलावं लागलं नाही. आबांनी फोन खाली ठेवला. "माझं नाव काढ, विनया. आधी त्या पोरीच्या आईपर्यंत पोच."

सुमनबाईंशी झालेला जुना पत्रव्यवहार मी कारखान्याच्या पत्त्यावरूनच केला होता. त्याच मेलखाली मी लिहिलं: 'मी चुकीचं सांगितलं. मशीनला शेंगदाणा लागला आहे. पूर्वीला डबा देऊ नका. हा मेल दिसताच उत्तर द्या.' एक वाजून चार मिनिटांनी तो गेला. बाकीच्यांना परेश पाठवत होता. पाच मिनिटांत पुण्याच्या बाईंचं उत्तर आलं, मग आणखी तिघांची आली. नागपूरचं येईना. मी फार घाबरले होते, आणि ते लपवायचं त्राण माझ्यात नव्हतं. भागूबाई माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

एक बावन्नला उत्तर आलं. मी मोठ्याने वाचलं.

"जेवायला गेले होते, आत्ताच जागेवर येऊन वाचलं. नवीन काहीही खाण्याआधी माझी पूर्वी मला ऑफिसच्या फोनवर विचारते. मी वाचत असतानाच तिचा फोन आला. डबा उघडून बसली होती. तुमचा मेल वाचला नसता तर मी हो म्हणाले असते. तुम्ही निश्चिंत राहा म्हणाला होतात."

परेश खाली बघत होता. आबांनी मला ते उत्तर पुन्हा वाचायला सांगितलं. 'निश्चिंत राहा' हे माझेच शब्द दुसऱ्यांदा वाचताना मला रडू फुटलं.

आबांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, भागूबाईंकडून बादली मागून घेतली आणि मशीनची पाती सोडवायला बसले. परेश पुढे झाला, तर त्याला त्यांनी बाजूला बसायला सांगितलं. प्रत्येक पातं धुऊन झालं की ते उजेडात धरायचे, मग माझ्याकडे द्यायचे. पोचलं म्हणजे दिसलं असं मी त्या दिवसानंतर कधी धरलं नाही, आणि पुसलं म्हणजे धुतलं असंही नाही.