डावा आरसा

धर्मपाल तायडे यांनी चौतीस वर्षं एसटी हाकली आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीखाली माणूस काय, कोंबडीसुद्धा आली नाही. ही गोष्ट ते न विचारता सांगत, आणि विचारलं तर दोनदा सांगत. विनाअपघात सेवेचं प्रमाणपत्र अकोल्याच्या घरी बैठकीत तथागतांच्या फोटोखाली टांगलेलं होतं. अशा माणसावर जानेवारीतल्या एका सकाळी, मुलीच्या नव्या कोऱ्या गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसायची पाळी आली. आणि गाडी गल्लीतून बाहेर पडायच्या आतच त्यांना भीती वाटू लागली.

पोरीच्या चालवण्याची त्यांना भीती नव्हती. तशी थोडी होती, पण कोणत्या बापाला नसते! खरी भीती निराळी होती आणि ती त्यांनी एकाही जिवंत माणसाला सांगितली नव्हती. दिवाळीपासून त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे पांढरा पडदा आला होता, आणि आता उजव्यातही साय धरू लागली होती. मोतीबिंदू ओळखायला त्यांना डॉक्टर नको होता. पण सांगायचं कसं? सांगितलं की आधी स्कूटरची चाबी जाणार, ऑपरेशनचं पुढचं पुढे. चाबी गेली की बाजार गेला, चहाची टपरी गेली, डेपोतल्या जुन्या मंडळींच्या गप्पा गेल्या. मग उरलेलं आयुष्य पलंगावर बसून पंख्याकडे पाहायचं. 

मुलगा सुगत अंजनगाव सुर्जीला शिक्षक होता. त्याने तिथे घर बांधलं होतं आणि नऊ वाजता नव्या घरात बुद्धवंदना ठरली होती. मुलगी प्रियदर्शनी म्हणाली, "बाबा, बसनं कशाले? मी नेते ना." ती कृषी विद्यापीठात माती तपासायच्या प्रयोगशाळेत होती. गाडी घेऊन तीन महिने झाले होते आणि हात बऱ्यापैकी बसला होता. मागच्या डाव्या सीटवर सुगतच्या घरासाठी घेतलेली भलीमोठी कढई आणि गव्हाची पिशवी ठेवली. प्रियदर्शनीच्या पाठीमागच्या जागेवर धर्मपालांची बायको इंदूबाई शालीत गुरफटून बसल्या. त्यांना चार दिवसांपासून खोकला होता.

पोरगी सामान लावेपर्यंत धर्मपालांनी एक उद्योग करून ठेवला. काच खाली केली, हात बाहेर काढला आणि डाव्या आरशाचं भिंग दाबून दाबून स्वतःकडे फिरवलं. त्यातून मागचं काही धड दिसत होतं असं नाही. पण जो माणूस आरसा मागतो, त्याच्या डोळ्यांवर कोणी संशय घेत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

अकोट यायच्या आधी प्रियदर्शनीच्या ते लक्षात आलं.

"बाबा, आरसा तुमी फिरवला काय? मले त रस्ता सोडून नुसतं शेत दिसून राहिलं त्याच्यात."

"डावीकडचं मी पाह्यतो. तू समोर पाह्य. चौतीस वर्षं मले डावी बाजू कंडक्टरनंच सांगतली, काही बिघडलं काय?"

"पण बाबा..."

"आता तू ड्रायव्हर अन् मी तुहा कंडक्टर."

आरसा फिरवायचं बटण तिच्या उजव्या हाताशीच होतं. तिने बोट बटणावर नेलंही, आणि मग बापाचं मन कशाला मोडा म्हणून मागे घेतलं. साठी उलटलेला माणूस, आयुष्यभराचा धंदा सुटलेला, तेवढंच समाधान. आपल्याकडे मन राखण्यापायी माणसं काय काय पणाला लावतात, ते नंतरच कळतं.

अकोट मागे पडलं आणि धुकं आलं. आधी शेतांवर होतं, मग रस्त्यावर उतरलं. ओलिताची हरभऱ्याची वावरं, केळीचे बाग, सगळं एकेक करून पुसलं गेलं. समोर वीस पावलांचं डांबर उरलं. प्रियदर्शनीने वेग तीसवर आणला.

"अप्पर मार," धर्मपाल म्हणाले.

तिने दिव्यांचा लांबचा झोत सोडला. समोर पांढरीफटक भिंत उभी राहिली आणि उरलीसुरली वीस पावलंही गेली. तिने झटकन झोत खाली आणून डिप्पर केला, खालचे धुक्याचे दिवे लावले, मागचा लाल दिवाही लावला.

"मंग चारही इंडिकेटर चालू कर. मागच्याले दिसलं पाह्यजे."

"चारही लावले त आपून वळून राहिलो का थांबलो, हे कोणाले कसं समजंल बाबा? थे गाडी उभी केल्यावर लावायचे असतात."

धर्मपालांना ते पटलं नाही. त्यांच्या बसला एवढे दिवे नव्हते, पण म्हणून काय गाडी चालत नव्हती?

मग काचेने घात करायला सुरुवात केली. तिघांचे श्वास, बंद खिडक्या, इंदूबाईंचा खोकला. समोरची काच आतून दमट होत गेली आणि बाहेरच्या धुक्यात आतलं धुकं मिसळलं. प्रियदर्शनीने एसीचं बटण दाबलं. धर्मपालांनी ते तितक्याच तत्परतेने बंद केलं.

"हिवाळ्यात एसी? मायचा जीव घेतं काय?"

त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि काच पुसू लागले. पुसलेल्या जागी ओल्या रेघा उठल्या आणि त्या रेघांमधून एक बैलगाडी एकदम अंगावर आल्यासारखी झाली. प्रियदर्शनीने ब्रेक दाबला. कढई मागे दणकन आदळली. बैलगाडीवाल्याने मान वळवूनही पाहिलं नाही. 

"बाबा, आता हात नका लावू," प्रियदर्शनी म्हणाली.  तिने हवा गरम केली, काचेकडे सोडली, बाहेरची हवा आत घेणारं बटण दाबलं आणि वर एसी लावला. "एसी गारव्यासाठी नाही लावून राहिली. थो हवेतला ओलावा ओढून घेते." मिनिटभरात काच खालून वर स्वच्छ होत गेली. इंदूबाईंना थंडी वाजली नाही. उलट त्यांनी शाल सैल केली.

 काच स्वच्छ झाली तरी धर्मपालांपुढचं पांढरं गेलं नव्हतं. प्रियदर्शनीला झाडांचे बुंधे दिसत असावेत, कारण ती हळूच म्हणाली, "हं, आता बरं." त्यांना एकही बुंधा दिसत नव्हता. आपण किती आंधळे झालो आहोत हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. आता बोलावं, असं मनात आलं. अंजनगाव आलं की बोलू, असं त्यांनी ठरवलं. वंदना झाली की बोलू. नाहीतर परत आल्यावर.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. लांबलचक, ट्रकचा. मधल्या आरशात दोन पिवळे डाग उगवले आणि बघता बघता फुगले. ट्रकवाला अप्पर मारून अगदी बुडाशी येऊन चिकटला होता. गाडीच्या आत उजेडच उजेड झाला. प्रियदर्शनीचे डोळे दिपले. वेग वाढवावा तर पुढे काय आहे ते माहीत नाही, ब्रेक मारावा तर मागचा अंगावर येणार. 

"याले जाऊ देते बाबा. डावीकडं घेते. डावीकडं कोणी हाय काय?"

धर्मपालांनी आरशात पाहिलं. आरशात दूध सांडलं होतं. त्या दुधात काही हलतं आहे की नाही, धुकं कुठे संपतं आणि आपला डोळा कुठे सुरू होतो, काही कळेना. त्यांनी मान पुढे काढली, डोळे ताणले. पुन्हा हॉर्न वाजला.

"बाबा! कोणी हाय काय?"

नुसतं 'मले दिसत नाही' म्हणायचं होतं. तीन शब्द.  पण चौतीस वर्षांची सवय आपणहून बोलून गेली.

"खाली हाय, कोणी नाही. घे."

तिने डावा इंडिकेटर दिला आणि चाक वळवलं.

आवाज फार मोठा झाला नाही. आरशाला काहीतरी लागल्याचा टक्क, पत्र्यावर घासल्याचा एक लांब ओरखडा, आणि माणसाची एक आरोळी, ती मध्येच तुटली. त्याच वेळी ट्रक उजव्या अंगाने धडधडत निघून गेला आणि त्याच्यामागे सगळं शांत झालं.

प्रियदर्शनीने गाडी पूर्ण रस्त्याखाली घेतली, चारही इंडिकेटर लावले आणि दार उघडून पळाली. इंदूबाईही उतरल्या. धर्मपालांना पट्टा सुटेना. बोटं नुसती बटणावरून घसरत होती. बाहेरून मुलीचा आवाज आला, "काका! ओ काका!" त्यावर उत्तर आलं नाही. ती पुन्हा ओरडली. पुन्हा उत्तर नाही. मेला, असं धर्मपालांना वाटलं. माणूस मेला, मी मारला, आणि नाव माझ्या पोरीचं लागणार. तिची नोकरी, तिचं सगळं आयुष्य. 

मग धुक्यातून एक खणखणीत शिवी आली. अस्सल वऱ्हाडी, आईबापाचा उद्धार करणारी. एवढी गोड शिवी धर्मपालांनी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती.

ते कसेबसे उतरले. तुरीच्या बांधाशी एक लूना आडवी पडली होती. तिचा दिवा अजून चालू होता. भोवती विड्याची हिरवीगार पानं चिखलात विखुरली होती. प्रियदर्शनी आणि इंदूबाई पांढरी शाल पांघरलेल्या एका म्हाताऱ्याला उठवून बसवत होत्या. त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, कोपर सोललं होतं. खुशालराव नाव त्याचं. स्वतःच्या पानमळ्यातली पानं घेऊन अंजनगावच्या बाजारात निघाला होता.

"चुकलं काका माझं," प्रियदर्शनी रडत होती. "मले दिसलेच नाही तुमी."

"अवं पोरी, तुहा इंडिकेटर मी पाह्यला! मी थांबलोच असतो," खुशालराव दम खात म्हणाला. "पण तुह्या आरशात मले हे बाबा दिसले ना. असे डोळे ताणून सरळ माह्याकडंच पाहून राहिले होते. म्हणलं, पाह्यलं यायनं आपल्याले. आता हे गाडी घेत नाहीत. म्हणून त मी पुढं आलो!"

 प्रियदर्शनीने वळून बापाकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता, आणि तोच त्यांना सोसेना. ते तिथेच चिखलात, पानांमध्ये बसले.

"मले दिसलं नाही," ते म्हणाले. "मी याच्याकडं पाह्यत होतो अन् मले हा दिसला नाही. डावा डोळा दिवाळीपासून गेला. उजव्यानंही धुकं धुकंच दिसते, धुकं असो का नसो. मी खोटं बोललो बाई. मी माणूस मारला असता."

हे एवढं बोलून झालं आणि त्यांना हुंदका आवरला नाही. खुशालराव शिव्या देण्याच्या तयारीत होता, तो गप्प झाला. समोर आपल्याच वयाचा माणूस लेकरासारखा रडायला लागला की शिवी कोणाला द्यायची?

बांधावरल्या तुरीच्या मालकाला हाक मारून लूना आणि पानांची टोपली त्याच्याकडे ठेवली. खुशालरावाचा पाय दुमडत नव्हता, म्हणून त्याला पुढच्या सीटवर बसवलं. अंजनगावात आधी दवाखाना, मग वंदना, असं प्रियदर्शनीने सांगून टाकलं. गाडी सुरू करायच्या आधी तिने बटण दाबून डावा आरसा आपल्याकडे फिरवला आणि बराच वेळ त्यात पाहत राहिली.  मग मागे न बघता तिने विचारलं,

"अन् बाबा, स्कूटर? रोज आईले मागं बसवून तुमी बाजारात जाता. थे?"

धर्मपाल आता मागच्या सीटवर कढई मांडीवर घेऊन बसले होते. उत्तर इंदूबाईंनी दिलं.

"थे मी पाह्यत होती."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? समोर म्हैस हाय, ऑटो हाय, सिग्नल लागला. यायले वाटे बुढी वटवट करते. मी मागून रस्ता सांगत होती. आज नेमकी मी या अंगाले बसली, मले डावीकडचं काही दिसलं नाही."

धर्मपालांनी मान वळवली. इतक्या जवळूनही बायकोचा चेहरा त्यांना दिसला तो अर्धाच.

"तुले माहीत होतं? कवापासून?"

"नेहरू पार्क चौकात तुमी लाल सिग्नलमधून स्कूटर काढली, पोलीस बोंबलला, अन् तुमी म्हणाले हिरवाच होता, तवापासून."

"तीन महिने?" धर्मपाल म्हणाले. "अन् तरी तू रोज मागं बसली? जीव मुठीत धरून? बोलली काहून नाही?"

इंदूबाईंनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं. पुढे प्रियदर्शनीने गाडी अजून हलवली नव्हती. तीही ऐकत होती.

"बोलली असती त तुमाले राग आला असता," इंदूबाई म्हणाल्या, "अन् तुमी एकटेच गेले असते."