अर्धं कडं

सोलापुरात सात रस्त्यावरून आत वळलं, की टायरच्या दुकानाला लागून बंदेनवाजचं गिटारीचं दुकान. दुकान कसलं, पत्र्याचं शेड, मागं दोन खोल्यांचं घर. बंदेनवाजचा बाप पेट्या आणि तंबोरे दुरुस्त करायचा. पोरगा गिटारीकडं वळला तेव्हा म्हाताऱ्यानं बरेच दिवस तोंड फुगवलं होतं, मग गप बसला. आता बंदेनवाजच म्हातारा झालाय. खोकं बांधायचं, घासायचं, मान बसवायची, तारा चढवायच्या, हे सगळं त्याचा मुलगा गुफरान करतो आणि लई झकास करतो. बंदेनवाजनं स्वतःकडं एकच काम ठेवलं होतं. गिटारीच्या पोटावर जे गोल भोक असतं, त्याच्याभोवतीचं नक्षीचं कडं.

हे कडं म्हणजे डोक्याला ताप. काळ्या, तांबड्या, पांढऱ्या लाकडाच्या काडीएवढ्या पट्ट्या घ्यायच्या, एकमेकींना चिकटवून जुडी बांधायची, आणि जुडी वाळली की मुळा चिरावा तशी आडवी चिरायची. प्रत्येक चकतीवर नक्षी उमटते. त्या चकत्या गोलाकार एकाला एक लावत जायचं. जोरात श्वास सोडला तरी चकती हलते. एवढं सगळं करून गिऱ्हाईक बघतं काय, तर तारा.

गुफरानचं म्हणणं सरळ होतं. कडं तयार मिळतंय. पाकिटातून काढायचं, खाचेत बसवायचं, पुढच्या कामाला लागायचं. घरात या मंडळींचं बोलणं दख्खनीत चालतं, पण इथं आपण ते मराठीत ऐकू.

“अब्बा, गम तुमी बाटलीतला घेताय. रंग डबीतला. तारा तर परदेशातनं येतात. मग एकट्या कड्यानंच काय घोडं मारलंय?”

गम खरंच बाटलीतला होता. पूर्वी बंदेनवाज सरस उकळायचा, पण त्याच्या वासानं बायकोचं, इमामबीचं, डोकं उठायचं म्हणून त्यानंच तो बंद केला होता. पोरगा बरोबर बोलतोय असं त्याला वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्ट्या घेऊन बसायचा.

अशात अपेक्षा आली. ही जुळे सोलापुरातली, बँकेत नोकरीला, हसरी बाई. तिला गिटार करून हवी होती आणि अट एकच.

“बाकी काहीही गुफरानभाईंनी केलेलं चालेल. कडं मात्र तुमच्या हातचं पाहिजे, चाचा.”

“का वो ताई? तयार कडी बी चांगली असत्यात की.”

“माझ्या घरात पडद्यापासून पोळपाटापर्यंत सगळं तयार आणलेलं आहे. एक तरी वस्तू कुणीतरी माझ्यासाठी बसून केलेली असावी.”

बंदेनवाज असा सुखावला, की छातीवर हात ठेवून बोलून गेला, “कड्याला दुसऱ्याचं बोट लागणार न्हाय. शब्द देतो.”

शब्द देताना घाईच झाली म्हणायची. कारण त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला होता, चहाची बशी हातात वाजायची. औषध चालू होतं, गुण नव्हता. पूर्वी जे काम पंधरवड्यात उरकायचं, त्याला यंदा अख्खी थंडी गेली. एकेक चकती लावायला तो डाव्या हातानं उजवं मनगट धरायचा. कडं पुरं झालं तेव्हा तो इमामबीला म्हणाला, “हे झालं. ह्याच्यापुढं माझ्यानं व्हायचं न्हाय.” तिनं त्याचा चहा पेल्यात ओतून आणला, बशीशिवाय.

त्या कड्यात एक चकती उलटी होती. चुकून नव्हे, मुद्दाम. ही त्याच्या बापाची रीत. काम अगदी बिनचूक झालं की त्याला नजर लागते, म्हणून कुठंतरी एक खोड ठेवायची. तंबोऱ्याच्या नक्षीत बाप एक पाकळी अर्धवट सोडायचा, हा एक चकती उलटी लावायचा. गुफरानला हे ठाऊक नव्हतं. त्यानं कधी विचारलं नाही आणि ह्यानं सांगितलं नाही.

आता खरा घोळ इथून पुढं. त्याच सुमाराला मायाप्पाची ऑर्डर होती. मायाप्पा लग्नाच्या वाद्यवृंदात वाजवतो. त्याला लग्नसराईच्या आधी गिटार पाहिजे होती आणि कड्याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. “कसलं बी टाका, स्टेजवर कोण बघतंय,” म्हणाला. गुफरानला मात्र बापाच्या कड्याची नक्षी फार आवडली होती. त्यानं मोबाईलवर तिचा फोटो काढला, मुंबईच्या एका व्यापाऱ्याला पाठवला आणि सांगितलं, हुबेहूब असंच कडं पाहिजे. पार्सल आलं. गुफराननं ते उघडलं, कड्याची मागची बाजू बापाच्या कड्याएवढी पातळ होईतो घासली, दोन्ही टेबलावर ठेवली आणि शुक्रवार होता म्हणून नमाजाला गेला. बंदेनवाज त्याच्या आधीच गेला होता.

मागं इमामबी झाडायला आली. एवढ्या कष्टाची वस्तू भुशात पडलेली बघून तिचा जीव कळवळला. तिनं दोन्ही कडी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसली, बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून त्यात ठेवली, आणि पाकीटबिकीट सगळं कचऱ्यात टाकलं.

बंदेनवाज आला, डबा उघडला आणि एकसारखी दोन कडी बघून हसला. “त्यात काय, माझं मला कळतंय की.” त्यानं एक कडं उचललं, उजेडात फिरवलं, उलटी चकती शोधली. सापडली. खूश होऊन त्यानं ते बाजूला ठेवलं. मग सहज म्हणून दुसरं उचललं. त्यातही होती. त्याच जागी.

त्यानं दोन्ही शेजारी शेजारी धरून पुन्हा बघितली.

“तू मुंबईवाल्याला सांगितलंस व्हय, एक उलटी लावा म्हणून?” गुफरान नमाजाहून परतल्यावर त्यानं विचारलं.

“उलटी कुठली?” गुफरान म्हणाला. मग त्याला दाखवली, तेव्हा तोही गार झाला. फोटोत जे होतं ते मशिननं केलं होतं. खोडीसकट.

मग सुरू झाली नुसती धांदल. मागची बाजू बघितली, तर दोन्ही सारखी घासलेली. वास घेतला, तर दोन्हींना ओल्या फडक्याचा. सरस असता तर वासानं कळलं असतं, असं बंदेनवाज म्हणाला, आणि इमामबीनं मान फिरवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “मी पुसायलाच नको होतं,” ती म्हणाली. बंदेनवाजला तिचा राग यावा तर यायला तयार नाही, आपलाच येत होता. अख्खी थंडी जे बोटाखाली होतं ते बोटाला ओळखू येत नाही म्हणजे काय? बोटं थरथरत होती, त्यांना दोन्ही कडी सारखीच थरथरल्यासारखी लागत होती.

शेवटी गुफराननं दोन्हींचे फोटो व्यापाऱ्याला पाठवले. यातलं तुमचं कुठलं? लगेच उत्तर आलं: दोन्ही आमचीच आहेत, आणखी पाहिजेत का?

“बघा, त्यांलाबी कळंना,” गुफरान म्हणाला. “मग अब्बा, कुठलंबी बसवू. ताईला काय समजणार हाय?”

“तिला न्हाय समजणार. मलाच समजंना झालंय की.”

“मग तोटा कुणाचा?”

अपेक्षाला कडं मिळणार, मायाप्पाला कडं मिळणार, दोन्ही देखणी. तरी छातीवर ठेवलेला हात आठवला की बंदेनवाजला कसंतरीच व्हायचं. वाटलं, नवीन करावं. तो पट्ट्या घेऊन बसला, मनगट धरलं, पहिली जुडी बांधायला घेतली. पट्ट्या सुटून खाली पडल्या. त्यानं वेचल्या. पुन्हा पडल्या. गुफरान वेचायला वाकला तेव्हा बंदेनवाज म्हणाला, “ऱ्हाऊ दे.”

तेव्हा त्याला नीट उमगलं, की त्याच्या हातचं शेवटचं कडं या डब्यात आहे आणि ते कुठलं हे जगात कुणालाच माहीत नाही. अपेक्षाची बदली झाली होती, नागपूरला. चार दिवसांवर जाणं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गुफरानला बारीक करवत आणायला लावली.

“दोन्ही मधोमध काप.”

“अब्बा, डोकंबिकं फिरलं काय तुमचं?”

“ह्या कड्याचं डावं आन् त्याचं उजवं ताईच्या गिटारीला. उरलेली दोन मायाप्पाच्या. म्हंजी अर्धं तरी माझं ताईकडं जाईल, नक्की जाईल. अख्ख्याचा भरवसा न्हाय तर अर्ध्याचा तरी असू दे.”

“दोन चांगल्या वस्तूंचं वाटोळं होतंय हे.”

“व्हय. काप.”

बंदेनवाजनं कडी दाबून धरली, गुफराननं कापली. मापं सारखी असल्यामुळं अर्धुकं अर्धुकाला नीट जुळलं. वरचा जोड मानेच्या पट्टीखाली झाकला गेला. खालचा उघडाच राहिला, तिथं गुफराननं एक काळी बारीक पट्टी भरली. कुणालाही ती नक्षीतलीच वाटावी. “काही सांगू नका, डिझाइन हाय म्हणा,” तो बापाला दोनदा म्हणाला. मायाप्पा येऊन गिटार घेऊन गेला. त्यानं कड्याकडं बघितलंही नाही, आणि बंदेनवाजची अर्धी थंडी त्याच्याकडंही गेली.

अपेक्षा आली ती सामानाच्या गडबडीतून, रिक्षा बाहेर थांबवून. गिटार मांडीवर घेतली, कड्यावरून बोट फिरवलं. बोट खाली येऊन थांबलं.

“ही रेघ कसली, चाचा?”

गुफराननं बापाकडं बघितलं. बंदेनवाज म्हणाला, “जोड हाय.” आणि मग त्यानं सगळं सांगितलं. फोटो, पार्सल, फडकं, डबा, उलटी चकती, करवत. सांगताना मध्येच विसरला, मागं गेला, पुन्हा पुढं आला. इमामबी दारात उभी होती.

“म्हणजे यातलं अर्धं तुमचं.”

“व्हय.”

“कुठलं अर्धं?”

“सकाळी डावं वाटतंय. दुपारी बघितलं की उजवं.”

अपेक्षानं तळव्यानं डावा भाग झाकून बघितला, मग उजवा. रिक्षावाल्यानं बाहेरून हॉर्न दिला. तिचा चेहरा पडला होता आणि तिनं तो लपवलाही नाही.

“मला अख्खं पाहिजे होतं, चाचा.”

“मलाबी,” बंदेनवाज म्हणाला. “ते शेवटचं होतं.”

तिनं त्याच्या हाताकडं बघितलं. तो हात गुडघ्यावर होता आणि थांबत नव्हता. मग ती उठली, बाहेर जाऊन रिक्षावाल्याला जायला सांगितलं, आणि परत येऊन गिटार पुन्हा मांडीवर घेत त्याच्यासमोर स्टुलावर बसली.