परक्या कंपनीची लिफ्ट

आम्ही या शहरात आलो त्या दिवशी सामानाचा ट्रक दारात उभा होता, हमाल कपाट धरून ताटकळले होते आणि माझा नवरा लिफ्टच्या दाराला कान लावून उभा होता. दहा मिनिटं तो तसाच होता. मग त्याने कान काढला, रुमालाने पुसला आणि म्हणाला, "सामान जाऊ दे हिच्यातून. माणसं जिन्यानं जातील."

आमचं घर नवव्या मजल्यावर होतं.

नवरा लिफ्ट मेकॅनिक आहे, हे आधीच सांगायला हवं होतं. त्यामुळे तो शहाणा ठरतो असं नाही, पण निदान कारण कळतं. आमच्या जुन्या गावात एकूण चार लिफ्ट होत्या. दोन दवाखान्यात, एक बँकेत आणि एक कापडाच्या दुकानात. चारही वीस वर्षं त्याच्या हाताखाली होत्या. कुठली कधी कुरकुरते, कुठलीला थंडीत जड जातं, हे त्याला तोंडपाठ होतं. माझा वाढदिवस मात्र विचारून घ्यावा लागायचा. त्याचा एकच नियम होता: जिची देखभाल आपण करत नाही, त्या लिफ्टमध्ये बसायचं नाही. गावात हा नियम पाळणं सोपं होतं, कारण पाचवी लिफ्टच नव्हती.

मग एका मोठ्या कंपनीने त्याला इथे बोलावून घेतलं. या शहरात लिफ्ट किती आहेत ते देव जाणे, पण आमच्या इमारतीतली नेमकी दुसऱ्या कंपनीची निघाली.

"ब्रेक उशिरा सुटतोय," नवरा म्हणाला. "एक दिवस मध्येच अडकणार ही."

"कधी?" मी विचारलं.

"ते नाही सांगता येत."

"मग तोपर्यंत बसू की."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशव्या उचलल्या आणि जिना धरला.

प्रश्न माझा नव्हताच. प्रश्न सासूबाईंचा होता. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. हमालांनी एक खुर्ची प्रत्येक मजल्यावर आणून ठेवायची, त्यांनी बसायचं, दम घ्यायचा, पुढचा मजला चढायचा, असं करत पाऊण तासाने त्या घरात पोहोचल्या. पलंगावर टेकल्या आणि म्हणाल्या, "आता मी खाली उतरेन ती चौघांच्या खांद्यावरूनच."

नवरा म्हणाला, "आई, काहीतरी बोलू नकोस."

"बरं," त्या म्हणाल्या. "दोन महिने बघते. नाही जमलं तर थोरल्याकडे जाते. त्याचं घर बैठं आहे."

थोरला म्हणजे माझे मोठे दीर. माणूस चांगला आहे, पण घरात चोवीस तास टीव्ही आणि जाऊबाईंचा आवाज टीव्हीच्या वर. दोन महिने संपले की रविवारी येऊन आईला घेऊन जातो, असं त्यांनी लगेच कळवूनही टाकलं. सुनेने सासू जाण्याची वाट बघावी अशी सगळ्यांची समजूत असते. मी उघड सांगते, मला त्या जायला नको होत्या. या शहरात मला ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. नवरा सकाळी साडेसातला जायचा, संध्याकाळी नऊ मजले चढून यायचा, गुडघे चोळायचा, जेवायचा आणि झोपायचा. माझ्याशी दिवसभर बोलणारं माणूस एकच होतं आणि ते मला भाजी चिरताना नावं ठेवायचं. तेवढंसुद्धा गेलं असतं तर मी भिंतींशी बोलायला लागले असते.

पहिला महिना सासूबाईंनी खिडकीत काढला. नवव्या मजल्यावरून माणूस कळत नाही. "मला या शहरातल्या लोकांची टकलं तेवढी माहीत झालीत," त्या एकदा म्हणाल्या. "तोंडं अजून बघायचीत." समोरच्या घराचं दार कायम बंद. आमचं दार त्या उघडं ठेवायच्या, कुणी डोकावेल म्हणून. एकदा एक जण खरोखर डोकावला आणि त्याने काळजीने विचारलं, "काही झालंय का?" त्या दिवसापासून त्यांनीही दार लावून घेतलं. जेवण कमी झालं. भाजी चिरताना मी मुद्दाम जाडजूड फोडी केल्या, तरी काही बोलल्या नाहीत. तेव्हा मला भीती वाटली.

एका मंगळवारी मी अकरा वाजता त्यांच्यासमोर त्यांच्या चपला आणून ठेवल्या.

"कुठं?" त्या म्हणाल्या.

"खाली."

"लिफ्टनं?"

"लिफ्टनं."

"त्याला कळलं तर?"

"कोण सांगणार?"

सासूबाईंनी उठून केस विंचरले. त्या लिफ्टमध्ये शिरल्या ते कुणाच्या तरी घरात पहिल्यांदा पाऊल टाकावं तशा, अंग चोरून. सातव्या मजल्यावर एक तरुण माणूस आत आला. कानात बोळ्यांसारखे इअरफोन, डोळे फोनमध्ये. सासूबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "जेवलास का?"

त्याने कानातलं काढलं. "अं?"

"जेवलास का विचारलं. अकरा वाजून गेले."

"नाही अजून," तो म्हणाला. लिफ्ट तळमजल्यावर आली तरी तो तिथेच उभा राहून रात्रपाळीची नोकरी, खानावळीतलं जेवण आणि पित्त यांबद्दल सांगत होता. सासूबाईंनी त्याचं नाव कानबोळ्या ठेवलं. त्याच्या तोंडावरच ठेवलं आणि त्याला ते आवडलं.

इमारतीच्या मागे एक बाक आहे. तिथे सकाळपासून दुपारपर्यंत दोन-तीन म्हाताऱ्या बसतात. आठ दिवसांत सासूबाई त्यांच्यात अशा मिसळल्या की बाकावरची मधली जागा त्यांची झाली. कुणाच्या सुनेचं माहेर कुठे, कुणाच्या नातवाला दात कधी आले, सगळी माहिती नवव्या मजल्यावर येऊ लागली. जेवण वाढलं. माझ्या भाजीला पुन्हा नावं ठेवली गेली. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की मी भांडलेसुद्धा नाही.

नवऱ्याला आम्ही ताकास तूर लागू दिली नाही. संध्याकाळी तो धापा टाकत यायचा आणि विचारायचा, "आई, आज काय केलंस?"

"बसले होते," सासूबाई म्हणायच्या. खोटं त्या बोलत नाहीत. बसल्याच होत्या. कुठे ते त्याने विचारलं नव्हतं.

"रंग सुधारलाय तुझा," तो म्हणायचा आणि माझ्याकडे वळायचा, "बघ, उंचावरची हवा मानवली तिला." मी तोंडात घास ठेवून मान हलवायची.

असे तीन आठवडे गेले. येत्या रविवारी थोरले दीर न्यायला येणार होते, त्याचं मात्र त्या बोलेनात. जाणार का, असं मी दोनदा आडून विचारलं. "बघू," म्हणाल्या. त्यांची पिशवी कपाटावरून खाली काढलेली होती, एवढं मी पाहिलं होतं.

आणि गुरुवारी लिफ्ट अडकली.

मी भाजी घेऊन परत आले तर वॉचमन जिन्याच्या तोंडाशी उभा. "चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये आहे," तो म्हणाला. "आत आजी आहेत. कंपनीला फोन केलाय, माणूस दीड तासात येतो म्हणाले." मी धावत पाचव्यावर गेले. आत दिवा आहे, हवा आहे, कानबोळ्या आहे, असं सासूबाईंनी आतून सांगितलं. आवाज खणखणीत होता. मी तिथेच पायरीवर बसले.

पाच मिनिटांत जिन्यावर धापांचा ओळखीचा आवाज आला. नवऱ्याचं काम त्या दिवशी जवळच्याच इमारतीत होतं, ते लवकर संपलं होतं. त्याने मला पाहिलं, बंद दार पाहिलं आणि पहिली गोष्ट काय केली, तर दाराला कान लावला.

"ब्रेक," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं की नाही?" त्याचा चेहरा उजळला होता. तो एक क्षण मी त्याला जन्मात माफ करणार नाही.

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या कानबोळ्याला सांगत होत्या, "...आणि पहिलीच्या वर्गात यानं गुरुजींचं घड्याळ उघडून बघितलं. बंद झालं कायमचं."

नवऱ्याने कान काढला. माझ्याकडे पाहिलं. मी भाजीच्या पिशवीकडे पाहिलं.

"आई?"

"आलास? आज लवकर?"

"तू आत काय करतेस?"

"खाली चालले होते."

"लिफ्टनं?"

"नाही रे, उडत."

"किती दिवस चाललंय हे?"

आतून कानबोळ्याचा आवाज आला, "तीन आठवडे झाले, काका. रोज अकराला." त्याला वाटलं, तो मदत करतोय.

नवरा माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "माझ्याशी घरी भांडा. आधी त्यांना काढा."

त्याच्या पिशवीत सगळी हत्यारं होती. दार उघडायची तिकोनी चावीही होती. ती त्याने हातात घेतली, फिरवली आणि परत ठेवली. "नाही करता येत," तो म्हणाला. "परक्या कंपनीच्या मशीनला हात लावला तर आजच नोकरी जाईल. आणि गाडी दोन मजल्यांच्या मध्ये असताना माणसं ओढून काढायची नसतात. काढताना सरकली तर..." नोकरीचं कारण त्याने पहिलं सांगितलं होतं, पण चावी परत ठेवली ती दुसऱ्या कारणाने.

"मग बस तिथंच," सासूबाई आतून म्हणाल्या. "मला घाई नाही."

तो माझ्याशेजारी पायरीवर बसला. दीड तास आम्ही तिथे होतो. या शहरात आल्यापासून तो आईपाशी इतका वेळ एका जागी बसला नव्हता. सुरुवातीला त्याला काय बोलावं ते सुचेना. त्याने ब्रेक कसा असतो ते समजावून सांगितलं. सासूबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या कामावरचे लोक कसे आहेत?"

तो म्हणाला, "माहीत नाही."

"का?"

"कुणी बोलत नाही. सकाळी फोनवर पत्ता येतो, त्या पत्त्यावर जायचं, काम करायचं, मग दुसरा पत्ता. दुपारचं जेवण मशीनच्या खोलीत, एकट्यानं." तो बंद दाराकडे बघत म्हणाला, "गावात बँकेतले लोक चहा तरी विचारायचे."

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, हेही खरंच आहे.

नवरा म्हणाला, "आता तर तू रविवारी नक्कीच जाणार."

"जाणारच होते," सासूबाई म्हणाल्या. "वर कोंडून ठेवलं होतंस तेव्हाच ठरवलं होतं."

"कोंडून नाही, आई. सांभाळून."

"इथंही कोंडलेलीच आहे. पण इथं सोबत तरी आहे."

नवऱ्याने मान खाली घातली. मला त्याचा राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याने तो काढला नाही.

शेवटी दुसऱ्या कंपनीचा माणूस आला. चांगला पन्नाशीचा, दमेकऱ्यासारखा श्वास घेणारा. तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला, ब्रेक हाताने सोडून गाडी हळूहळू चौथ्या मजल्यावर आणली. आम्ही एक मजला उतरलो. दार उघडलं. कानबोळ्याने सासूबाईंची पिशवी धरली होती आणि सासूबाईंनी त्याचा कोपर. दोघं बाहेर आले. मग अर्धा तास त्या माणसाने ब्रेकची दुरुस्ती केली, लिफ्ट दोनदा रिकामी वर-खाली पाठवली आणि नवऱ्याची पिशवी बघून विचारलं, "आपल्यातलेच का? ऐका जरा."

दोघांनी दाराला कान लावला. दोन अनोळखी माणसं एकमेकांकडे तोंड करून, डोळे मिटून उभी. लिफ्ट वर गेली, खाली आली.

"आता?" त्या माणसाने विचारलं.

"आता बरोबर सुटतोय," नवरा म्हणाला.

सासूबाई तोवर आत जाऊन उभ्याही राहिल्या होत्या. "चला," म्हणाल्या. "बाकावरच्या उठून जातील."

नवरा उंबऱ्याशी अडला. वीस वर्षांचा नियम होता. दार दोनदा मिटायला आलं, दोनदा त्यानेच हाताने अडवलं. कानबोळ्या म्हणाला, "या ना काका, जागा आहे." तिसऱ्या वेळी नवरा आत आला आणि तळमजल्यापर्यंत छताकडे बघत राहिला.

बाकावर त्या म्हाताऱ्या होत्या. सासूबाई आपल्या मधल्या जागेवर बसल्या, एकीला सरकायला लावलं आणि नवऱ्याला शेजारी बसवलं. तो पाहुण्यासारखा बसला, हात मांडीवर ठेवून.

"उशीर केलात," एक जण म्हणाली. "आम्हाला वाटलं, पिशवी भरायला लागलात. रविवारी निघायचंय ना थोरल्याकडे?"

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"छे, आता कुठली जातेय," सासूबाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "हा माझा धाकटा. दोन महिने झाले येऊन, पण इथं कुणाशी ओळख नाही त्याची. एकट्याला टाकून कशी जाऊ?"