शिंकणाऱ्या चिमीची टोपी

मी लोकरीची टोपी बोलतेय. ट्रंकेत तळाशी घडी होऊन पडलेय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला फोनवर पाहिलं असेल.

तान्ह्या चिमीसाठी तिच्या मावशीने जुना स्वेटर उसवून मला विणलं. लोकर थोडी उरली, तिचा लांब दोरीचा गोंडा केला. "टोपीला गोंडा लावलास की गोंड्याला टोपी?" चिमीची आई हसली. चिमीला मात्र तो मुठीत धरल्याशिवाय झोप येत नसे.

एकदा आई फोनवर तिचा व्हिडिओ काढत होती. गोंडा नाकाला लागला, चिमी शिंकली, दचकली, आणि आपल्याच शिंकेला खदखदून हसली. शेजारच्या काकूंनी तो जगभर पाठवला. आठवड्यात अनोळखी बायका रस्त्यात थांबवू लागल्या. "अगं, हीच ना ती शिंकणारी?"

आई दोन वर्षं त्या गल्लीत राहत होती, तिला कुणी साधी हाक मारत नव्हतं. आता दाराशी चपला मावेनात. कुणी "शिंकायला लाव ना" म्हटलं की आई माझा गोंडा चिमीच्या नाकाशी फिरवायची. शिंक आली की सगळे हसायचे. मीही फुगले होते, खोटं कशाला बोलू. चिमी मात्र आता हसत नव्हती. ते मला सगळ्यांत जवळून दिसत होतं.

एका दुपारी गोंडा न लावताच ती शिंकायला लागली, एकामागून एक.

"शिकली गं बाई," काकू म्हणाल्या. सगळे हसले, आईसुद्धा. माझ्याखाली चिमीचं कपाळ तापत होतं आणि मला सांगता येत नव्हतं. संध्याकाळी छाती घरघरली, तेव्हा आई तिला उचलून दवाखान्यात पळाली.

"कधीपासून शिंकतेय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आई बोटांवर दिवस मोजू लागली आणि खऱ्या शिंका कुठल्या, तिथेच अडकली.

पाच दिवसांनी चिमी बरी होऊन घरी आली. तोवर फोनवर कुणाची तरी नाचणारी मांजर आली होती. दाराशी एकट्या आईच्या चपला.

गार वारा होता म्हणून आईने मला हातात घेतलं. गोंडा दिसताच चिमीने दोन्ही हातांनी नाक झाकलं. रडलीसुद्धा नाही. आईने माझी घडी केली आणि मला ट्रंकेत तळाशी ठेवलं.

तिला बोल लावू नका. चार माणसांनी आपलं म्हटलं की कुणालाही बरं वाटतं. माझं मागणं एवढंच, पुढे कुणा बाळासाठी मला बाहेर काढलंत, तर आधी कात्री घ्या आणि गोंडा कापून टाका. कान झाकायला टोपी पुरते.