विद्येच्या नावानं ओरबाडलेली मोरपंखी

मित्रांनो, मी एक जुनी मोरपंखी आहे. कलकत्त्याच्या टॉलीगंज भागातल्या बँकेच्या क्वार्टर्सच्या अंगणात उभी आहे. माझं फूल कुणाला दिसत नाही, फळ कुणी खात नाही. माझ्याकडे होती ती फक्त उभी, चपटी, हिरवीगार पानं, आणि तीच माझ्या मुळावर उठली.

१९६७ साली सुहासिनीबाईंनी रथाच्या जत्रेत मला विकत घेतलं. त्यांचे यजमान दिगंबरराव बँकेत अधिकारी, पुण्याहून बदलून आलेले. बाईंनी मला अंगणात लावलं आणि आपल्या मुलीला, लीनाला सांगितलं, "ही विद्या बरं का! हिचं पान पुस्तकात ठेवलं की अभ्यास डोक्यात राहतो." मला केवढा अभिमान वाटला! तेव्हा मी अगदीच भोळी होते.

तीन वर्षांत मी बाईंच्या डोक्याएवढी झाले. बाईंना गप्प राहवतंय थोडंच! त्यांनी ही गोष्ट सगळ्या क्वार्टर्सना सांगितली. मग काय, परीक्षा जवळ आली की मुलं अंगणात रांगा लावू लागली. ज्यांनी वर्षभर पुस्तक उघडलं नव्हतं, ते मूठमूठ पानं ओरबाडून नेत. पी हळद अन् हो गोरी! श्यामसुंदर नावाचा ओडिया माळी होता. तो एकदा कळवळून म्हणाला, "मेमसाब, मत तुड़वाइए. इस पेड़ की नंगी डाल पर दोबारा पत्ता नहीं आता."

"अरे, पेड़ है, फिर आ जाएगा!" बाई हसून म्हणाल्या.

पण माळ्याचं म्हणणं खरं होतं. मी आंबा नाही, पेरू नाही. माझी फांदी एकदा बोडकी झाली की बोडकीच राहते. माझ्याकडे विद्या मागायला आलेल्यांना माझ्याबद्दल एवढंसुद्धा माहीत नव्हतं.

लीनानं मात्र माळ्याचं ऐकलं. सत्तर सालच्या वार्षिक परीक्षेला तिनं एकही पान तोडलं नाही. नेमकी त्याच वर्षी ती गणितात नापास झाली. बाईंनी तिला हाताला धरून माझ्यासमोर आणलं. "विद्येचा अपमान केलास ना? माग माफी!" लीनानं हात जोडले. तिच्या डोळ्यांतून टपाटप पाणी गळत होतं. मला तिथल्या तिथे वाळून जावंसं वाटलं.

पुढचं वर्षभर ती पोर रोज पहाटे माझ्याशेजारी पायरीवर बसून गणितं सोडवायची. चुकायची, खोडायची, पुन्हा मांडायची. एकाहत्तरच्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं. माझ्या जातीची पानं शहीद जवानांच्या पुष्पचक्रांसाठी फोर्ट विल्यमच्या लष्करी तळाकडे जातात, असं श्यामसुंदर सांगत होता. मला त्यांचा हेवा वाटला. जवानाला मान देण्यासाठी तुटण्यात काही अर्थ तरी होता! इथे परीक्षेच्या सकाळी बाईंनी माझी खालची उरलीसुरली हिरवी फांदी कापली आणि लीनाच्या दप्तरात कोंबली.

लीनाला गणितात बहात्तर गुण मिळाले. बाईंनी पेढे आणले. पहिला पेढा माझ्या बुंध्याशी ठेवला आणि मला हळदकुंकू वाहिलं. मित्रांनो, मी तिला साधी बेरीजसुद्धा शिकवली नव्हती! राबली पोर आणि नाव माझं झालं. त्या हळदकुंकवाची मला जेवढी लाज वाटली, तेवढी बोडक्या फांद्यांची कधी वाटली नाही.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात दिगंबररावांची नागपूरला बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांच्या पत्नी सरलाबाईंना घर दाखवताना सुहासिनीबाई म्हणाल्या, "आणि ही आमची विद्या. हिच्यामुळेच हो आमची लीना पास झाली!"

"नाही, आई," लीना म्हणाली. "मी अभ्यास केला म्हणून पास झाले."

सुहासिनीबाई हसल्या. "ऐकलंत? विद्या आल्यावर बोलायलाही येतं बघा! चल, टॅक्सी थांबलीय."

टॅक्सी वळली. माझ्या अंगावर आता फक्त शेंड्यालाच हिरवं उरलं होतं. सरलाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि घरातल्या आपल्या मुलाला हाक मारली, "श्रीकांत, जरा स्टूल आण रे!"

मित्रांनो, तुमच्या दारात माझी एखादी बहीण असेल तर तिला पाणी घाला, नाहीतर तिच्या सावलीत बसून खुशाल अभ्यास करा. तिची पूजा मात्र करू नका.