फ्रेडीने न वाजवलेला पियानो

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. पाचगणीतल्या एका शाळेच्या सभागृहात, व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, भिंतीला पाठ लावून मी उभा असतो. चित्रात तुम्ही पाहता ते ऐसपैस, झाकण वर करून मिरवणारे पियानो निराळे. मी दिसायला कपाटासारखा. पहिलीतली मुलं तर मला कपाटच समजतात आणि माझ्यावर डबे ठेवतात. मला पंचाऐंशी पट्ट्या आहेत, त्यातल्या दोन कालपरवापर्यंत अडकायच्या, आणि पावसाळ्यात माझा आवाज बसतो. पाचगणीच्या पावसात कुणाचा बसत नाही? पण मी फुशारकी मारणारा आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट माझ्या फुशारकीचीच आहे.

माझा जन्म विलायतेतला. बोटीतून मुंबईला उतरलो आणि लष्कराच्या मेसमध्ये रुजू झालो. गोरे साहेब गेले, आपले साहेब आले. माझ्यावर नाचगाण्यांच्या धुना वाजल्या, पुढे पुढे नुसते पेले ठेवले जाऊ लागले. शेवटी एके दिवशी जुन्या खुर्च्यांबरोबर मला बाहेर काढलं. ते साल होतं १९७१.

तिथून मला उचललं भाऊसो मास्तरांनी. ते साताऱ्याकडचे. पलटणीच्या बँडमध्ये उभी हयात ट्रम्पेट वाजवून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि या शाळेत संगीत शिकवायला लागले होते. माझ्या निम्म्या तारा तुटलेल्या, पोटात उंदरांनी बिऱ्हाड केलेलं. पियानो दुरुस्त करणारा कुठे भेटतो हे मास्तरांना माहीत नव्हतं. वाद्य बिघडलं की मिरजेला न्यायचं, एवढंच ठाऊक. त्यांनी मला ट्रकात चढवलं आणि थेट मिरजेला, अमीरभाईंच्या दारात उतरवलं.

अमीरभाई सतारी आणि तंबोरे घडवणारे. अंगणात भोपळे वाळत पडलेले, आणि मध्ये मी. त्यांनी जन्मात पियानो उघडला नव्हता. तरी महिनाभर खपून त्यांनी मला साफ केलं, नव्या तारा ओढल्या, झिजलेल्या हातोड्यांना लोकर लावली. मग सगळ्यात खालच्या सुराची पट्टी बाहेर काढून तिच्या लाकडी कुशीवर पेन्सिलीने लिहिलं, 'अमीर, मिरज, १९७१. मेसमधून पाचगणीस चालला.' त्यांच्या घराण्याची ही रीतच. वाद्य उघडलं की आत कुठेतरी नाव आणि साल घालायचं. बाहेरून कुणाला दिसत नाही, पण पुढच्या कारागिराला कळतं, आपल्या आधी कोण येऊन गेलं ते.

शाळेत पहिल्याच तालमीला माझी फजिती झाली. एका स्केलमध्ये, म्हणजे एक सा धरून, मी असा गोड वाजलो, की स्वयंपाकघरातल्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी दुसरं गाणं दुसऱ्या स्केलमध्ये धरलं आणि मी कोल्ह्यासारखा केकाटलो. मुलं हसून लोळली. मास्तरांनी मिरजेला निरोप धाडला, अमीरभाई एस.टी.ने आले.

"आवं अमीरभाई, ह्ये काय केलंसा?"

"मास्तर, सूर तर खरा लावलाय. कान लावून बघा."

"खरा हाय, पर एकाच स्केलात खरा हाय. सतारीला एकच सा लागतो. ह्येला बारा ठिकाणी सा धरून चालायला पायजे."

अमीरभाईंनी एकेका स्केलमध्ये माझ्या पट्ट्या दाबून पाहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, की पियानोत प्रत्येक सूर केसभर ढळवावा लागतो, तेव्हा कुठे सगळे एकमेकांबरोबर नांदतात. सतारीवर आयुष्य काढलेल्या माणसाला सूर हाताने ढळवायचा म्हणजे जिवावर येणारं काम. ते त्यांनी दोन दिवसांत केलं. शेजारी त्यांचा तरुण मुलगा रसूल बसून सगळं बघत होता.

आता भाऊसो मास्तरांचं वेड सांगतो. हा मिशीवाला हवालदार विलायती गाण्यांवर लय खूश! त्यांच्याकडे एक वही होती, तिच्यात वर्तमानपत्रांची कात्रणं. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला ते माझ्या झाकणावर वही ठेवून गोष्टी सांगत. इंग्लंडातल्या चार पोरांच्या बँडने १९६५ साली आपल्या गाण्यात सतार वाजवली, हे सांगताना त्यांचा ऊर भरून यायचा. "आपल्या मिरजंत बनती, ती सतार! गिटारीच्या मांडीला मांडी लावून बसली बघा." आणि मग यायची सगळ्यांच्या आवडीची गोष्ट.

आठ-नऊ वर्षांचा एक पारशी मुलगा लांब झांजिबारहून याच पाचगणीत शाळेला आला. आमच्या नव्हे, दुसऱ्या शाळेत. तो पियानो शिकला, दोस्तांना गोळा करून त्याने शाळेतच बँड काढला. पुढे इंग्लंडला गेला आणि फ्रेडी मर्क्युरी नावाचा जगप्रसिद्ध गायक झाला. १९८५च्या जुलैत लंडनच्या स्टेडियमवर मोठा कार्यक्रम झाला, दुष्काळाने उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी. त्याची व्हिडिओ कॅसेट मास्तरांनी पुढच्या वर्षी कुठून तरी पैदा केली आणि याच सभागृहात दाखवली. मीही पाहिली. बहात्तर हजार माणसं! आणि हा गडी मैदानात आला तो पहिल्यांदा कुठे बसला, सांगा? पियानोपाशी. माझ्याच जातभाईपाशी! मग उठला, आणि नुसत्या गळ्याने त्याने त्या अफाट गर्दीला साद घातली. गर्दीने ती जशीच्या तशी परत केली. तो वळण घेई, गर्दी वळण घेई. वीसएक मिनिटांत त्याने सगळं मैदान खिशात घातलं. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. माझ्या पोटातल्या तारा आपोआप थरथरत होत्या, हे अगदी खरं.

"पोरांनो, ह्यो आपल्या डोंगरावरनं गेला," मास्तर म्हणाले. "हितल्याच मातीतनं चालत गेला."

मास्तर १९९८ साली वारले. त्यांची वही कुठे गेली, देव जाणे. गोष्ट मात्र राहिली. कॅसेट पाहिल्यापासूनच ती मुलांच्या तोंडातून तोंडात जाताना वाढत गेली होती. 'आपल्या डोंगरावरनं'चं झालं 'आपल्या शाळेतनं', आणि एक दिवस एका मोठ्या मुलाने लहानग्याला सांगितलं, "फ्रेडी ह्याच पियानोवर शिकला." मी ते ऐकलं. मी काय करणार, मला तोंड कुठे आहे? पण खरं सांगतो मित्रांनो, तोंड असतं तरी मी गप्पच बसलो असतो. मला ते खोटं फार आवडलं होतं. पाहुणे येत, माझ्यावरून हळूच हात फिरवत, फोटो काढत. आणि हात फिरवणाऱ्यांपैकी एकालाही माझी अडकलेली पट्टी दिसत नसे.

ती दिसायची फक्त रेश्माताईंना. त्या सध्याच्या संगीत शिक्षिका. शाळेतल्या पाच मुलींचा बँड त्यांनी उभा केलाय. शिरवळकडची शिवांजली गाते, बाकीच्या ड्रम, गिटार आणि मला सांभाळतात. गॅदरिंगच्या महिनाभर आधी त्या तालमीत असताना उदयसिंह आले. हे आमचे माजी विद्यार्थी. ती कॅसेट त्यांनी पहिल्या रांगेत बसून पाहिली होती. आता घाटात त्यांचं मोठं रिसॉर्ट आहे. त्यांना मी हवा होतो. रिसॉर्टच्या दर्शनी भागात काचेच्या पेटीत मला ठेवायचं, वर दिवा, खाली पाटी, 'फ्रेडीचा पियानो'. बदल्यात शाळेला नवे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड मिळणार होते. मुख्याध्यापकांनी मान डोलावली होती.

"सर, काचेतला पियानो वाजवणार कोण?" रेश्माताईंनी विचारलं.

"वाजवायचा कशाला मॅडम? असा ठेवा कुणी वाजवतं का?"

शिवांजली पुढे झाली. "आवं सर, कीबोर्डला लाइट लागती. हितं दुपारची लाइट जातीया. ह्यो कवा बी वाजतोय. आमचं गाणं ह्येच्यावरच बसलंय."

उदयसिंह हसले. वाईट माणूस नव्हता तो. मनापासून प्रेम होतं त्याचं माझ्यावर. आणि मी? मी मनातल्या मनात त्या काचेच्या पेटीत जाऊन उभा राहिलो होतो. मुलींचं काय होईल, हा विचार मला शिवलाही नाही. आज ते आठवलं की लाज वाटते.

एकच काम उरलं होतं. पाटीखाली लावायला कारागिराचा दाखला हवा होता, की पियानो त्या काळचा आहे. त्यासाठी मिरजेहून रसूलभाईंना बोलावलं. तेच ते, बापाशेजारी बसून बघणारे. आता दाढी पांढरी, हातात बापाचीच हत्यारांची पिशवी. सभागृहात उदयसिंह, मुख्याध्यापक, रेश्माताई आणि मुली जमल्या. रसूलभाईंनी माझं पुढचं फळकूट काढलं, धूळ फुंकली आणि सरळ खालच्या पट्टीला हात घातला.  पन्नास वर्षं अंधारात दडवलेलं पेन्सिलीचं अक्षर उजेडात आलं.

रसूलभाईंनी ते बोटाने पुसलं नाही, नुसता अंगठा शेजारी टेकवला. "आब्बांचं अक्षर हाय," ते म्हणाले. आणि वाचून दाखवलं.

"एकाहत्तर?" उदयसिंहांचा आवाज चिरकला. "पण फ्रेडी तर त्रेसष्टलाच पाचगणी सोडून गेला."

"मग न्हाई वाजवला त्येनं ह्यो," रसूलभाई म्हणाले.

 उदयसिंह खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. लहानपणी ज्या पियानोला हात लावून ते वसतिगृहात झोपायला जायचे, तो पियानो त्यांच्या हातातून निसटला होता. मग त्यांनी हळूच विचारलं, "काका, ही पट्टी परत आत बसवली तर कुणाला कळणार आहे? शाळेला कीबोर्ड मिळतात, लोकांना आनंद मिळतो, पियानोची निगा राहते. तुम्हीच लोक सूर थोडा खोटा लावता ना, सगळ्यांचं भागावं म्हणून? मास्तर सांगायचे आम्हाला."

खरं होतं ते. मीही कान टवकारले.

रसूलभाईंनी पट्टी मांडीवर ठेवली. "व्हय साहेब, लावतो. सूर केसभर ढळवायला आब्बांच्या जिवावर आलं हुतं, म्या बघितलंय. पर त्यो कशापायी ढळवला? बाराच्या बारा स्केलात वाजावा म्हणून. तुमी म्हणताय त्ये खोटं घातलं, तर ह्यो पियानो एका बी स्केलात वाजणार न्हाई. काचंत गप हुबा ऱ्हाणार. तसलं माज्या हातनं व्हायचं न्हाई."

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायलाच ही सगळी गोष्ट. मला वाईट वाटलं, फार वाईट. आणि लगेच सुटल्यासारखंही वाटलं. ज्या माणसाची मी एवढी भक्ती करतो, तो काचेत बसून मोठा झाला नव्हता. तो पियानोपाशी बसला आणि बडवत, चुकत, मित्रांची डोकी खात शिकला. माझ्यावर चुकत बडवणाऱ्या पाच मुली समोर उभ्या असताना मी पेटीत शिरायला निघालो होतो! मला माझ्या पंचाऐंशी पट्ट्यांची शपथ, एवढा मूर्ख मी मेसमध्येही नव्हतो.

उदयसिंह उठले. जाताना माझ्यापाशी थांबले, आणि भाऊसो मास्तरांनी शिकवलेली सरगम एका बोटाने वाजवली. मधली पट्टी अडकली. "अजून अडकतेच का ही?" ते म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर पडले. काचेची पेटी मात्र सुताराने तयार करून ठेवली होती. तिच्यात सध्या स्ट्रॉबेरी जामच्या बाटल्या मांडल्या आहेत, असं ऐकतो.

रसूलभाई चार दिवस राहिले. अडकणाऱ्या पट्ट्या मोकळ्या केल्या, बारा ठिकाणचे सूर एकमेकांशी नांदवले. गॅदरिंगला सभागृह भरलं. फेटेवाले निवृत्त फौजी, बागांतून थेट आलेल्या बाया, सगळे होते. गाण्याच्या मध्येच शिवांजलीने सगळी वाद्यं थांबवली आणि एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाळी देतात तशी लांबलचक साद घातली.  मग मागच्या रांगेतून एक आवाज आला, तो उदयसिंहांचा होता. मग सगळ्या सभागृहाने ती साद परत केली. तिने वळण घेतलं, सभागृहाने वळण घेतलं. त्या लंडनच्या मैदानात पियानोला काय वाटलं असेल, ते मला कळलं. आमच्याकडे बहात्तर हजार नव्हते, तीनशे असतील. मला पुरले.

तेव्हा मित्रांनो, घरात, शाळेत एखादं जुनं वाद्य असेल, तर त्याला हार घालू नका, काचेत ठेवू नका. त्याची धूळ झटका, कारागिराला बोलवा, आणि ते वाजवा. वाईट वाजलं तरी वाजवा. आम्हाला जपण्याचा दुसरा मार्ग नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना रसूलभाईंनी पुन्हा ती खालची पट्टी काढली. आब्बांच्या ओळीखाली 'रसूल, मिरज' आणि साल घातलं. मग पेन्सील शिवांजलीपुढे धरून म्हणाले, "पोरी, जागा हाय अजून. काय लिवू सांग."

शिवांजलीने पेन्सील त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतःच, मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'फ्रेडी हितं न्हवता. आमी हाय.'